शंभरातून सात

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या लेकीपेक्षा लहान डॉक्टरीणबाई म्हणाली,
काकू, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा,
नंतर विचारीन.
पितळ. मोगरा. दरवाजा. मावशी. निळा.

पाचच?
अगं, मी ट्रंक बोर्डावर बसायचे.
नगर, नांदेड, निपाणी,
कापूसदलालांचे, थिएटरांचे, एका मंत्र्याच्या बहिणीचे
चारशे नंबर तोंडात असायचे.

आता शंभरातून सात वजा करत चला, म्हणाली.

त्र्याण्णव.
मार्चातला तो शुक्रवार. दुपारपाळी.
बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले.
कुणाला बोलायचं असं काही नव्हतं,
पलीकडून फक्त ‘हॅलो’ हवं होतं.

शहाऐंशी.
कानाला हेडफोन, पोटात मुलगी,
कॉर्ड ओढताना ती आतून लाथ मारायची.

एकोणऐंशी.
पहिला पगार. शेजारच्या खुर्चीवर हिल्डा परेरा,
न बघता प्लग कसा खोचायचा ते तिनं शिकवलं,
आणि साहेबाला मनातल्या मनात कशी शिवी द्यायची तेही.

बहात्तर.
गावाकडची अकरा माणसं आमच्या दहा बाय बारात.
लाल मिलोची भाकरी, घशाला घासणारी.
आई मोजून वाढायची. स्वतःला मोजायची नाही.

पासष्ट.
खिडकीच्या काचांना काळा कागद.

अठ्ठावन्न, मी म्हटलं, आणि थांबले.
इथे मी जन्मले, बाई.
याच्या मागे वजा करायला कुणी नाही.

ती हसली. बरोबर आहे सगळं.
आता ते पाच शब्द?

पितळ. मोगरा. मावशी. निळा.
आणि…
आणि भिंतीवरचं घड्याळ किती मोठ्यानं चालत होतं!

चार म्हणजे उत्तम, म्हणाली.
मेंदूला काही झालेलं नाही तुमच्या. तुम्ही घाबरता.
झोपता किती?
मी सांगितलं नाही, की रात्री तीनदा उठून
गॅसची कळ बघते,
मग ती बघितली का, हे आठवायला चौथ्यांदा उठते.
आईबद्दल मात्र सांगितलं:
शेवटच्या वर्षी मी वेणी घालत असताना
तिनं आरशातून विचारलं होतं,
तुम्ही कोणाच्या?
तुम्ही, म्हणाली. मला.

चिठ्ठीवर लिहून दिलं: चाला. मीठ कमी.
रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत.
माणसांशी बोला.
अक्रोडाचं नाव काढलं नाही,
मी दोन वर्षं रोज सहा भिजत घालते,
देवाला दाखवावेत तसे, आणि तितक्याच भीतीनं.

म्हणून आता सकाळी माझगावच्या टेकडीवरच्या बागेत जाते.
पायाखाली पाण्याची टाकी आहे म्हणतात,
अर्धी मुंबई ते पाणी पिते.
दिसत काही नाही. वर गवत, खाली गोदीच्या क्रेन.
तिसऱ्या फेरीला गुडघा कुरकुरतो,
चौथ्या फेरीला त्याचं कुणी ऐकत नाही.

काल रात्री पुन्हा उठले. तीन वाजून दहा.
गॅस बंद. एकदा बघितला. परत फिरले.
कडी लागलीय ना म्हणून हात लावला
आणि हाताखालीच सापडला तो पाचवा.
दरवाजा!

आता हे सांगायचं कुणाला?
डॉक्टरीण झोपलेली. लेक शारजात, तिला वाटेल काही झालं.
ऑर्लेमच्या हिल्डाला दम्यामुळे झोप नाही, हे ठाऊक होतं.
तिचा नंबर आधी सहा आकडी, मग सात झाला,
मग पुढे दोन लागला,
बोटांनी तो न विचारता फिरवला.

दुसऱ्याच रिंगला उचलला तिनं,
आणि खोकत, त्या जुन्या पाळीच्या आवाजात:
नंबर प्लीज?

मी म्हटलं, दरवाजा.
ती म्हणाली, येडी झालीस काय गो?
नाही म्हणाली डॉक्टरीण, मी म्हटलं, चारपैकी—
नाही, पाचपैकी…
थांब, पहिल्यापासून सांगते. बस.
बसलेच आहे, म्हणाली.